मुदपाकखान्यापासून जागतिक वारशापर्यंत : फ्रेंच पाकपरंपरा व भोजनसंस्कृती यांचा ऐतिहासिक आढावा

बीजशब्द : पाकपरंपरा, भोजनसंस्कृती, संहिताकरण, रेस्टॉरंट, भौगोलिक नाममुद्रा, अमूर्त सांस्कृतिक वारसा.

प्रास्ताविक

रेस्टॉरंट, मेन्यू, शेफ, कॅफे, बुफे, ऑम्लेट हे शब्द आज मराठी बोलण्यात इतके रुळले आहेत की ते परके वाटत नाहीत. इंग्रजीच्या मार्गाने आपल्याकडे आलेले हे सर्व शब्द मुळात फ्रेंच आहेत. महाराष्ट्रातील हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यालाही अभ्यासक्रमाचा भाग म्हणून फ्रेंच पाकपरिभाषेचा परिचय करून घ्यावा लागतो. यातून एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. चव ही स्वभावतः स्थानिक असते. ती हवामान, पीकपाणी आणि घरातील सवयी यांतून घडते. असे असताना एका देशाची पाकपरंपरा जगभरच्या व्यावसायिक स्वयंपाकघरांची परिभाषा कशी झाली?

'फ्रेंच पदार्थ अधिक रुचकर असतात' हे या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही, कारण रुचकर अन्न प्रत्येक समाजात शिजते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, फ्रेंच पाकपरंपरेच्या प्रतिष्ठेचे मुख्य कारण तिच्या संहिताकरणात आहे. हाताने केली जाणारी कृती ग्रंथात नोंदवणे, तिला नाव देणे, तिचा क्रम ठरवणे आणि पुढे कायद्याने तिचे रक्षण करणे ही प्रक्रिया फ्रान्समध्ये सुमारे साडेतीनशे वर्षे सातत्याने चालू राहिली. या प्रक्रियेने एका परंपरेला गौरव मिळवून दिला. त्याचबरोबर ज्या अनेकांच्या श्रमावर ती उभी होती त्यांना नोंदीबाहेरही ठेवले. या दोन्ही बाजूंचा विचार येथे करावयाचा आहे.

मध्ययुगीन पार्श्वभूमी आणि एक रूढ आख्यायिका

चौदाव्या शतकातील 'व्हियांदिए' हा फ्रान्समधील सर्वांत प्रसिद्ध मध्ययुगीन पाकग्रंथ होय. तो 'तायव्हाँ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गिओम तिरेल या राजघराण्याच्या आचाऱ्याच्या नावावर आहे. या ग्रंथातील स्वयंपाक आजच्या फ्रेंच स्वयंपाकाहून फार वेगळा दिसतो. आले, दालचिनी, लवंग, केशर यांसारख्या मसाल्यांचा सढळ वापर, कच्च्या द्राक्षांचा आंबट रस, आणि रश्शाला दाटपणा आणण्यासाठी पाव किंवा बदाम ही त्याची वैशिष्ट्ये होत. लोण्याचे स्थान त्यात गौण आहे. दूरदेशीचे महाग मसाले हे ऐश्वर्याचे लक्षण मानले जात असल्याने उमरावांच्या मेजवान्यांत त्यांचे प्रदर्शनच मांडले जाई.

हा स्वयंपाक बदलला कसा, याविषयी एक आख्यायिका फार प्रचलित आहे. इटलीतील मेदिची घराण्यातील कॅथरीन हिचा विवाह १५३३ मध्ये फ्रान्सच्या राजपुत्राशी, म्हणजे पुढील काळातील दुसऱ्या हेन्रीशी, झाला. तिने आपल्यासोबत इटालियन आचारी आणले व फ्रेंचांना खरा स्वयंपाक शिकवला, असे सांगितले जाते. इतिहाससंशोधकांनी ही कथा ग्राह्य मानलेली नाही. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये छापल्या गेलेल्या पाकग्रंथांत बव्हंशी मध्ययुगीन पाककृतीच आढळतात. खरा बदल त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी दिसू लागतो. एका व्यक्तीच्या आगमनाने परंपरा उलटतात, असे मानणे सोयीचे असले तरी पाकपरंपरेचा इतिहास सहसा तसा घडत नाही.

सतरावे शतक : ग्रंथ आणि दरबार

१६५१ मध्ये फ्राँस्वा पिएर द ला व्हारेन या आचाऱ्याचा 'फ्रेंच आचारी' या अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि फ्रेंच स्वयंपाकाच्या इतिहासात नव्या पर्वाचा आरंभ झाला. मसाल्यांच्या जागी पार्स्ले, थाइम यांसारख्या देशी पालेवनस्पती, आंबट रसाऐवजी लोण्यावर आधारलेले सॉस, आणि पावाऐवजी चरबीत परतलेले पीठ हे बदल या ग्रंथात स्पष्टपणे दिसतात. पदार्थाची मूळ चव झाकण्यापेक्षा ती उठून दिसावी, हा या नव्या पाकदृष्टीचा गाभा होता. व्यापारामुळे मसाले स्वस्त व सर्वसुलभ होत गेले, तसे उच्चभ्रू वर्गाला त्यांचे आकर्षण उरले नाही, असे स्पष्टीकरण काही अभ्यासक देतात. अवघ्या दोन वर्षांत, १६५३ मध्ये, या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद निघाला. फ्रेंच स्वयंपाक देशाबाहेर गेला तो प्रथम पुस्तकाच्या रूपाने, ही बाब लक्षणीय आहे.

याच काळात चौदाव्या लुईच्या दरबाराने भोजनाला राजकीय विधीचे स्वरूप दिले. राजाचे सार्वजनिक भोजन हा सत्तेचा देखावा होता. व्हर्साय येथे १६७८ ते १६८३ या काळात राजाची भाजीबाग उभारण्यात आली आणि ला कँतिनी या उद्यानतज्ज्ञाने तेथे हंगामापूर्वी फळे व भाज्या पिकवण्याचे प्रयोग केले. या व्यवस्थेतील ताण किती पराकोटीचा होता, हे १६७१ मधील एका घटनेवरून कळते. शाँतिई येथे राजाच्या सन्मानार्थ योजलेल्या मेजवानीत मासळी वेळेवर पोहोचली नाही, तेव्हा व्यवस्थापक व्हातेल याने आत्महत्या केली. मादाम द सेव्हिन्ये हिच्या पत्रांमुळे ही घटना इतिहासात नोंदली गेली. पुढे तिचे वर्णन कर्तव्यनिष्ठेचा आदर्श म्हणून केले गेले. परंतु सेवकाच्या प्राणाहून मेजवानीची अब्रू मोठी ठरवणारी व्यवस्था म्हणूनही तिच्याकडे पाहता येते.

रेस्टॉरंटचा उदय

'रेस्टॉरंट' हा शब्द मुळात जागेचा वाचक नव्हता. शक्ती भरून आणणारे मांसाचे सत्त्व, म्हणजे एक प्रकारचे पथ्यकर सूप, असा त्याचा अर्थ होता. १७६० च्या दशकात पॅरिसमध्ये असे सूप देणारी दालने निघाली आणि पेयाचे नाव हळूहळू त्या जागेला मिळाले. बुलांजे नावाच्या एका विक्रेत्याने पहिले रेस्टॉरंट काढले, अशी कथा अनेक पुस्तकांत आढळते. मात्र तिला समकालीन आधार नाही. रिबेका स्पँग यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनग्रंथात माथुरँ रोज द शांतोआजो या उद्योजकाकडे या संस्थेच्या जनकत्वाचा मान जातो, असे दाखवून दिले आहे.

तोपर्यंत बाहेर जेवणाऱ्या माणसाला खानावळीतील सामाईक मेजावर, ठरलेल्या वेळी, समोर येईल ते खावे लागे. रेस्टॉरंटने स्वतंत्र मेज, आपल्या सोयीची वेळ, दरांसह छापलेली पदार्थांची यादी आणि खाल्ले तेवढ्याचेच देयक या चार गोष्टी दिल्या. ग्राहकाची वैयक्तिक निवड हे या संस्थेचे खरे नावीन्य होते.

१७८९ च्या राज्यक्रांतीने रेस्टॉरंट जन्माला घातले, हा समजही अर्धसत्य आहे. रेस्टॉरंटे क्रांतीपूर्वीच अस्तित्वात होती. बोव्हिलिए यांचे प्रसिद्ध भोजनगृह १७८० च्या दशकातच सुरू झाले होते. क्रांतीने त्यांच्या प्रसाराला गती दिली, एवढे मात्र खरे. उमराव घराण्यांच्या पदरचे अनेक आचारी बेकार होऊन शहरातील व्यवसायात आले आणि १७९१ मध्ये व्यवसायसंघांची मक्तेदारी कायद्याने रद्द झाली. याच क्रांतीच्या ऑक्टोबर महिन्यात पॅरिसच्या स्त्रिया पावासाठी व्हर्सायवर चालून गेल्या होत्या, याचे येथे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. एकाच शहरात पावाची टंचाई आणि पदार्थांची छापील यादी शेजारी शेजारी नांदत होत्या.

नव्या ग्राहकाला मार्गदर्शकाची गरज होती. ग्रिमो द ला रेनिएर यांनी १८०३ ते १८१२ या काळात खवय्यांसाठी वार्षिके काढली. भोजनसमीक्षेचा तो आरंभ मानला जातो. व्यवसायाने न्यायाधीश असलेल्या ब्रिया-सावारँ यांनी १८२५ च्या अखेरीस चवीच्या शरीरशास्त्रावरील आपला ग्रंथ प्रकाशित करून भोजनाला वैचारिक चर्चेच्या पातळीवर नेले. खाणे हा लिहिण्याचा व वाद घालण्याचा विषय होऊ शकतो, ही जाणीव येथून दृढ झाली.

कारेम ते एस्कोफिये : व्यवसायाचे शास्त्र

आंतोनँ कारेम (१७८४-१८३३) यांनी स्वयंपाकाला शास्त्राची मांडणी दिली. गरीब घरात जन्मलेला हा मिठाईकार तालेराँ या मुत्सद्द्याचा, इंग्लंडच्या युवराजाचा आणि रॉथशिल्ड या धनाढ्य कुटुंबाचा आचारी झाला. सॉसांची असंख्य रूपे काही मूळ सॉसांपासून सिद्ध होतात, असे दाखवून त्यांनी त्यांचे वर्गीकरण केले. एस्पान्योल, व्हेलुते, आलमांद आणि बेशामेल हे त्यांचे चार मूळ सॉस होत. व्याकरणकार धातूंपासून रूपे साधतो, तशीच ही रचना होती. नियम कळला की पदार्थ शिकवता येतो, आणि शिकवता येणारी गोष्ट दूर देशी नेता येते.

या कार्याला आधुनिक उद्योगाचे रूप ऑग्युस्त एस्कोफिये (१८४६-१९३५) यांनी दिले. सेझार रिट्झ यांच्या सहकार्याने त्यांनी लंडन व पॅरिस येथील मोठ्या हॉटेलांची स्वयंपाकघरे संघटित केली. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात त्यांनी सैन्याचे आचारी म्हणून काम केले होते. त्यांच्या 'ब्रिगेड' पद्धतीवर लष्करी शिस्तीची छाप दिसते. सॉस करणारा, भाजणारा, भाज्या सांभाळणारा, थंड पदार्थ पाहणारा, मिठाई करणारा असे स्वतंत्र विभाग पाडून सर्वांवर एक प्रमुख, म्हणजे 'शेफ', नेमण्यात आला. एका पदार्थाचे भाग अनेकांच्या हातून एकाच वेळी तयार होऊ लागल्याने ग्राहकाची प्रतीक्षा कमी झाली. १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा मार्गदर्शक ग्रंथ हजारो पाककृतींचा कोश आहे. त्याच्या आधारे लंडनमधील किंवा न्यूयॉर्कमधील आचारी एकाच नावाने एकच पदार्थ रांधू शकत होता. फ्रेंच ही स्वयंपाकघरांची आंतरराष्ट्रीय परिभाषा झाली, ती या प्रमाणीकरणामुळे.

भोजनाचा क्रम

संहिताकरण स्वयंपाकघरापुरते थांबले नाही. ते जेवणाच्या मेजापर्यंत आले. जुन्या 'फ्रेंच वाढप' पद्धतीत अनेक पदार्थ एकाच वेळी मेजावर सममितीने मांडले जात. पाहुण्याने आपल्या हाताशी असलेले पदार्थ घ्यावेत, असा रिवाज असल्याने त्याचे आसन त्याच्या दर्जाबरोबरच त्याचे जेवणही ठरवी. शिवाय अन्न निवून जाई. एकोणिसाव्या शतकात याची जागा 'रशियन वाढप' पद्धतीने घेतली. तीत एकामागून एक पदार्थ सर्वांना सारखे वाढले जातात. रशियन राजपुत्राच्या पदरी काही काळ घालवलेल्या युर्बँ द्युब्वा या फ्रेंच आचाऱ्याने १८५६ मध्ये सहलेखनाने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून तिचा पुरस्कार केला. आज जगभर 'फ्रेंच' म्हणून ओळखला जाणारा क्रमबद्ध भोजनाचा प्रकार अशा रीतीने बाहेरून आला आणि फ्रेंचांनी आत्मसात केला.

औपचारिक फ्रेंच भोजनाची आजची रूपरेषा साधारणतः अशी आहे : भूक चाळवणारे पेय, आरंभीचा पदार्थ, मासे किंवा मांसाचा मुख्य पदार्थ व त्यासोबत भाज्या, त्यानंतर चीज, आणि शेवटी गोड. पाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत मेजावर असतो आणि पदार्थाला साजेशी वाइन निवडली जाते. संभाषण हा या भोजनाचा अविभाज्य भाग असून जे खात आहोत त्याविषयी बोलणे हा तेथे शिष्टाचार समजला जातो. दैनंदिन जेवण अर्थातच याहून साधे असते. तरीही ठरलेल्या वेळी, बसून, इतरांसह जेवणे या मूल्याला तेथे कायद्याचाही आधार लाभला आहे. प्रत्यक्ष कामाच्या जागी कामगारांना जेवू देण्यास फ्रेंच श्रमसंहितेत मनाई आहे. कोविड साथीच्या काळात, फेब्रुवारी २०२१ मध्ये, हा नियम तात्पुरता शिथिल करावा लागला, तेव्हा अनेकांना त्याचे अस्तित्व नव्याने जाणवले. कामगारांचे आरोग्य हा या नियमाचा हेतू असला, तरी जेवणाचा वेळ कामापासून वेगळा काढण्याची सवय त्यामुळे टिकून राहिली.

प्रांतांचा शोध आणि नावाचे रक्षण

एकोणिसाव्या शतकापर्यंतचा लिखित फ्रेंच स्वयंपाक हा मुख्यतः पॅरिसचा व धनिकांचा होता. नॉर्मंडीचे लोणी व साय, प्रोव्हाँसचे ऑलिव्ह तेल, नैर्ऋत्य भागातील बदकाची चरबी, अल्सेसची आंबवलेली कोबी, मार्सेयचा माशांचा रस्सा यांना राष्ट्रीय परंपरेत मानाचे स्थान विसाव्या शतकात मिळाले. याला मोटारीचा मोठा हातभार लागला. मिशेलिन या टायर उत्पादक कंपनीने १९०० मध्ये मोटारचालकांसाठी मार्गदर्शिका काढली. १९२६ पासून तीत उत्तम भोजनगृहांना तारा दिला जाऊ लागला आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी एक ते तीन ताऱ्यांची श्रेणी रूढ झाली. क्युर्नोन्स्की या टोपणनावाने लिहिणाऱ्या समीक्षकाने मार्सेल रूफ यांच्यासह १९२१ पासून प्रांतोप्रांतीच्या स्वयंपाकाचा परिचय करून देणारी ग्रंथमाला लिहिली.

पदार्थांच्या नावांना कायद्याचे संरक्षण देण्यातही फ्रान्स अग्रेसर राहिला. मेंढीच्या दुधापासून केलेल्या व रोकफोर येथील गुहांत मुरवलेल्या चीजलाच ते नाव वापरता येईल, असा कायदा १९२५ मध्ये झाला. १९३५ मध्ये वाइनसाठी नियंत्रित नाममुद्रेची राष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली. माती, हवामान आणि मानवी कौशल्य यांच्या संयोगातून पदार्थाचे वेगळेपण सिद्ध होते, हे या व्यवस्थेमागील तत्त्व आहे. भौगोलिक मानांकनाची कल्पना जगभर पसरली, तिच्या पूर्वपीठिकेत या कायद्यांचा समावेश करावा लागतो.

या नावांशी शेतकऱ्यांची उपजीविका निगडित असते. संप्रेरके दिलेल्या अमेरिकी गोमांसावर युरोपने घातलेल्या बंदीला प्रत्युत्तर म्हणून अमेरिकेने रोकफोर चीजसह काही युरोपीय मालावर जबर आयातशुल्क लादले. त्याच्या निषेधार्थ ऑगस्ट १९९९ मध्ये झोझे बोव्हे व त्यांच्या सहकारी शेतकऱ्यांनी मियो येथील मॅकडोनाल्ड्सचे बांधकाम चालू असलेले उपाहारगृह मोडून काढले. त्यांच्या कृतीच्या वैधतेबद्दल मतभेद होऊ शकतात, आणि बोव्हे यांना त्याबद्दल शिक्षाही झाली. परंतु चीजच्या एका तुकड्यात जागतिक व्यापार, ग्रामीण अर्थव्यवस्था आणि राष्ट्रीय अस्मिता कशा गुंतलेल्या असतात, हे त्या घटनेने दाखवून दिले.

नोंदीबाहेरचे हात

येथवरच्या विवेचनातील बहुतेक नावे पुरुषांची आहेत, हा योगायोग नव्हे. दरबार, व्यवसायसंघ आणि ब्रिगेड या तिन्ही व्यवस्था पुरुषप्रधान होत्या. स्त्री रोज रांधत होती. पण तिचे काम 'घरकाम' आणि पुरुषाचे तेच काम 'कला' अशी विभागणी झाली. मनों या लेखकाचा १७४६ मधील लोकप्रिय ग्रंथ मध्यमवर्गीय घरातील स्वयंपाकिणीसाठी होता. तिच्यासाठी लिहिणाराही पुरुषच होता. लिओंमधील 'मेर', म्हणजे 'आई', या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्त्रियांनी ही चौकट मोडली. शेतावर कष्ट करीत वाढलेल्या युजेनी ब्राझिए यांनी १९२१ मध्ये लिओं येथे लहानसे भोजनगृह काढले आणि १९३३ मध्ये त्यांच्या दोन भोजनगृहांना प्रत्येकी तीन तारे मिळाले. पुढे जगप्रसिद्ध झालेले पोल बोक्युझ यांनी त्यांच्याकडे उमेदवारी केली होती. तरीही २००७ मध्ये आन-सोफी पिक यांच्या भोजनगृहाला तीन तारे मिळाले, तेव्हा ती कित्येक दशकांनंतरची अपवादात्मक घटना ठरली.

दुसरा विसरलेला हात गुलामांचा होय. अठराव्या शतकात फ्रेंच मिठाईला जी साखर लागे, ती मुख्यतः कॅरिबियन वसाहतींतून येई. १७८९ च्या सुमारास सॅँ-दोमँग्, म्हणजे आजचे हैती, येथे साडेचार लाखांहून अधिक गुलाम उसाच्या व कॉफीच्या मळ्यांवर राबत होते. १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला व १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवले. कारेमच्या साखरेच्या भव्य मनोऱ्यांची वर्णने पाकशास्त्राच्या इतिहासात आदराने केली जातात. त्या साखरेचा हा इतिहास मात्र क्वचितच त्यांच्या शेजारी ठेवला जातो. उत्तर आफ्रिकेतील वसाहतींतून आलेला कुसकुस आज फ्रान्समधील घरोघरी व शाळांच्या भोजनालयांत रुळला आहे. बटाटा, टोमॅटो आणि कासुलेतील घेवडा हेही मूळचे अमेरिका खंडातील. 'अस्सल' म्हणून ज्याचा अभिमान बाळगला जातो, त्यात परक्याचा वाटा किती मोठा असतो, याची ही उदाहरणे आहेत.

जागतिक वारसा आणि समकालीन आव्हाने

१९७३ मध्ये आंरी गो व क्रिस्तियाँ मियो या समीक्षकांनी 'नव्या पाककले'ची दहा सूत्रे जाहीर केली. जड सॉस टाळणे, पदार्थ कमी शिजवणे, ताज्या बाजारावर विसंबणे असा त्यांचा आशय होता. एस्कोफिये यांच्या संहितेविरुद्धचे हे बंडही पुन्हा सूत्रांच्याच रूपात मांडले गेले, ही गोष्ट या परंपरेच्या स्वभावाला धरूनच होती.

नोव्हेंबर २०१० मध्ये युनेस्कोने 'फ्रेंचांचे पाकरसिक भोजन' मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समाविष्ट केले. येथे कोणत्याही एका पदार्थाला मान्यता मिळालेली नाही. जन्म, विवाह, वाढदिवस, पुनर्भेट अशा प्रसंगी एकत्र येऊन विशिष्ट क्रमाने जेवण्याच्या सामाजिक प्रथेचा तो गौरव आहे. २०२२ मध्ये बागेत पावाची कारागिरी व संस्कृती यांचाही या यादीत समावेश झाला.

गौरवाबरोबर चिंताही आहे. झटपट खाद्यगृहे, तयार गोठवलेले पदार्थ आणि एकट्याने उरकलेले जेवण फ्रान्समध्येही वाढले आहे. भोजनगृहात प्रत्यक्ष रांधलेला पदार्थ ओळखता यावा म्हणून २०१४ मध्ये 'घरगुती' अशी अधिकृत खूण सुरू करावी लागली. २०१८ च्या कायद्यानुसार सार्वजनिक भोजनालयांतील निम्मे अन्न गुणवत्तायुक्त व शाश्वत स्रोतांतून, आणि त्यांपैकी एकूण २० टक्के सेंद्रिय असावे, असे उद्दिष्ट जानेवारी २०२२ पासून लागू झाले. परंपरा टिकवण्याचे उत्तर फ्रान्स आजही नियमांत शोधतो, असे यावरून म्हणता येते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) फ्रेंच पाकपरंपरेची जागतिक प्रतिष्ठा चवीइतकीच ग्रंथ, वर्गीकरण, परिभाषा, प्रशिक्षण आणि कायदा यांवर उभी आहे.

२) ही परंपरा अखंड व स्वयंभू नाही. मध्ययुगीन मसाल्यांपासून रशियन वाढपापर्यंत आणि अमेरिकेतील बटाट्यापासून मगरेबातील कुसकुसपर्यंत तिने सतत स्वीकार व त्याग केला आहे.

३) संहिताकरणाने ज्ञान टिकते व पसरते, पण लेखणी ज्यांच्या हाती असते त्यांचेच नाव उरते. स्त्रिया, गुलाम आणि स्थलांतरित यांचे योगदान इतिहासलेखनाने परत नोंदवणे आवश्यक आहे.

४) युनेस्कोच्या मान्यतेचा रोख पदार्थापेक्षा सहभोजनाकडे आहे. म्हणून खाद्यपरंपरेचे जतन करताना पाककृतींबरोबर एकत्र जेवण्याचा वेळ व अवकाशही जपावा लागतो.

पाकग्रंथ, पदार्थांच्या याद्या, कायदे, पत्रे आणि करार ही इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र व भाषाशास्त्र या सर्व विद्याशाखांची सामाईक साधने आहेत. महाविद्यालयीन अध्यापनात त्यांचा उपयोग झाल्यास रोजच्या जेवणाकडे विद्यार्थी ज्ञानाचा विषय म्हणून पाहू लागेल. फ्रेंच उदाहरणाचे महत्त्व त्याचे अनुकरण करण्यात नाही. कोणती पाककृती लिहिली गेली, कोणी लिहिली, आणि जी लिहिली गेली नाही ती कोणाच्या हातची होती, हे प्रश्न ते आपल्याला विचारायला शिकवते.